वाल्देमार हाफकिन : संशोधक, सरकार आणि प्लेग

मुंबईतील परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव ठाऊक नसलेला सुशिक्षित मराठी माणूस सापडणे कठीण. सर्पदंशावरील प्रतिविष म्हटले की हे नाव सहज ओठांवर येते. परंतु ज्यांचे नाव या संस्थेला दिले गेले ते गृहस्थ कोण, कोठले, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येत नाही. ते कोणा इंग्रज गव्हर्नराचे नाव असावे, अशीच अनेकांची समजूत असते. वस्तुतः हाफकिन इंग्रज नव्हते, सरकारी अधिकाऱ्यांच्या परंपरेत वाढलेले नव्हते; इतकेच नव्हे, तर वैद्यकाची पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. ते होते रशियन साम्राज्यातील एक ज्यू प्राणिशास्त्रज्ञ. असा मनुष्य हिंदुस्थानात येऊन येथील दोन भयंकर रोगांवर लस सिद्ध करतो, त्याच्या विद्येचा सरकार उपयोग करून घेते आणि एका अपघातानंतर तेच सरकार त्याला दूर लोटते, ही कथा आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही.

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक ग्रंथात या चरित्राला जागा का द्यावी, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. हाफकिन यांना पॅरिसमध्ये पहिली नोकरी मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची; हे एक. दुसरे कारण आम्हा बडोदेकरांच्या अधिक जवळचे आहे. त्यांच्या प्लेगच्या लशीची सर्वांत काटेकोर कसोटी बडोदे संस्थानातील एका खेड्यात लागली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या बंदरात झाला. शालेय शिक्षण बर्द्यान्स्क येथे संपवून ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना गुरू लाभले ते इल्या मेच्निकोव्ह. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, या शोधाने पुढे जगद्विख्यात झालेले आणि १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे हे शास्त्रज्ञ त्या वेळी ओडेसात प्राणिशास्त्र शिकवीत होते. त्या काळात रशियात ज्यूंची स्थिती अत्यंत असुरक्षित होती. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातील ज्यू तरुणांनी स्वसंरक्षणासाठी दल उभारले, त्यात हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडलेही गेले. मेच्निकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटका झाली.

पुढे प्राध्यापकपदाचा प्रश्न आला, तेव्हा धर्मांतराची अट आड आली. रशियन सनातनी चर्चचा स्वीकार केला असता तर विद्यापीठाचे दार उघडले असते. हाफकिन यांनी ते केले नाही. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काम करून १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि जिनिव्हाच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. सरकारच्या इच्छेपुढे न वाकणाऱ्या विद्वानाला किंमत द्यावी लागते, हा धडा त्यांना विशी-तिशीतच मिळाला होता. विरोध असा की आयुष्याचा पुढचा सारा काळ त्यांना एका परक्या सरकारबरोबरच काम करावयाचे होते.

मेच्निकोव्ह तोवर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. १८८९ मध्ये शिष्य गुरूपाशी आला. पण संशोधकाची जागा रिकामी नव्हती, होती ती ग्रंथालयातली. हाफकिन यांनी तीच पत्करली. दिवसा ग्रंथालय आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर यर्सां हा तरुण शास्त्रज्ञ पाश्चर इन्स्टिट्यूट सोडून इंडोचायनाकडे निघून गेला आणि एमिल रू यांच्या हाताखालची त्याची जागा हाफकिन यांना मिळाली. योगायोग पाहा : याच यर्सांने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू शोधून काढला आणि त्याच जंतूपासून दोन वर्षांनी हाफकिन मुंबईत लस तयार करू लागले.

पण त्याआधी पटकी. युरोपात आणि रशियात त्या काळी पटकीच्या साथी येत होत्या. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंची तीव्रता कमीअधिक करण्याची रीत बसवली आणि १८ जुलै १८९२ रोजी लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, उतरला, प्रकृती पूर्ववत झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आपला निष्कर्ष मांडला. तथापि प्रयोगशाळेतील ससे-गिनीपिग आणि एखाददुसरा धाडसी मनुष्य यांवरून लशीचे सामर्थ्य सिद्ध होत नाही. जेथे रोगाचे ठाणे आहे तेथेच जावे लागते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांनी हाफकिन यांना बंगालचा मार्ग दाखवला, आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास येऊन पोहोचले.

येथे त्यांचे स्वागत झाले ते संशयाने. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही लष्करी शिस्तीची नोकरशाही. तिच्या दृष्टीने हा मनुष्य डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता आणि वर रशियाचा प्रजाजन होता. तो रशियाचा हेर असावा, अशीही कुजबुज होती. त्यांना खंबीर आधार मिळाला तो कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्पसन यांचा. १८९४ च्या मार्च महिन्यात काताल बागान या गरीब वस्तीत पटकी उद्भवली, तेव्हा तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांना हाफकिन यांनी लस टोचली. पुढे त्या वस्तीत जे जे आजारी पडले ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. मग महापालिकेने पैसे मंजूर केले. आसामचे चहाचे मळे, लष्करी छावण्या, तुरुंग असे फिरत फिरत दोन-अडीच वर्षांत त्यांनी बेचाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली. या भ्रमंतीत हिवतापाने त्यांना गाठले आणि १८९५ मध्ये प्रकृती सुधारण्यासाठी ते इंग्लंडला गेले. पुढील वर्षी परत आले, ते प्लेगला सामोरे जाण्यासाठीच जणू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोदीजवळ ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळू लागले. हा प्लेग आहे, हे निदान जाहीरपणे मांडणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. प्रारंभी अधिकाऱ्यांना ते पटेना. पटले तेव्हा सरकारने प्लेगचा शास्त्रीय तपास करण्यासाठी समिती नेमली आणि कलकत्त्याहून हाफकिन यांना पाचारण केले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत पोहोचले.

त्यांना प्रयोगशाळा म्हणून देण्यात आली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि तिच्यालगतचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एका साम्राज्याचे एक मोठे व्यापारी शहर ओस पडत चालले होते, लाखो लोक गावी पळत होते, आणि त्यावरचा शास्त्रीय उपाय शोधण्याची सारी सामग्री एवढीच होती. तरीही हे नोंदवले पाहिजे की ही खोली एका महाविद्यालयातील होती. सरकारने पाचारण केले आणि शिक्षणसंस्थेने जागा दिली. त्या महाविद्यालयातील अध्यापक आणि शेजारच्या जमशेदजी जीजीभाई रुग्णालयातील डॉक्टर या कामाशी जोडले गेले. त्याची किंमतही त्या संस्थेने मोजली. तेथील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक मॅन्सर प्लेगच्या रोग्यांवर उपचार करता करता जानेवारी १८९७ च्या सुरुवातीस प्लेगनेच मरण पावले.

लस तयार करण्याची हाफकिन यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवावयाचे. पण मांस कोणते, हा या देशात साधा प्रश्न नव्हे. गोमांस हिंदूंना निषिद्ध, डुकराचे मुसलमानांना. म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या अर्कावर तुपाचे काही थेंब सोडले की ते पृष्ठभागावर तरंगत आणि जंतूंची वाढ त्या थेंबांपासून खाली लोंबत जाई. छताला लोंबणारे चुनखडीचे झुंबर डोळ्यांपुढे आणावे. पात्र हलवले की ही झुंबरे तुटून तळाशी बसत आणि वर नवी वाढ सुरू होई. काही आठवड्यांनी हे सारे तापवून जंतू मारून टाकीत. पटकीची लस जिवंत जंतूंची होती, ही मृत जंतूंची. तुपाने जंतू चांगले वाढतात, हा शोध अशा माणसाने लावला की ज्याचे बालपण युक्रेनच्या किनाऱ्यावर गेले होते!

तीन महिने हे काम अहोरात्र चालले. मदतनिसांपैकी एकाचे मनःस्वास्थ्य बिघडले, दोघे काम सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी १० घनसेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतली. ही मात्रा पुढे इतरांना दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी होती. ताप आणि वेदना सहन करीतही ते काम करीत राहिले. त्यानंतर शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी स्वेच्छेने पुढे आली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथे सुमारे निम्म्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी पडले आणि ६ दगावले. घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघे आजारी पडले, कोणीही दगावले नाही.

याच आठवड्यांत सरकारची दुसरी बाजू प्रकट होत होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. (एकशेतेवीस वर्षांनंतर, २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा आपल्या शासनांनी हाच कायदा बाहेर काढला, हे वाचकांच्या स्मरणात असेल.) या कायद्याने अधिकाऱ्यांच्या हाती घरे तपासण्याचे, रोग्यांना उचलून नेण्याचे, प्रवाशांना अडवण्याचे अधिकार आले. मुंबईत तर त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या, देवघरे आणि स्वयंपाकघरे तुडवली गेली. त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी केलेल्या हत्येत झाली आणि पाठोपाठ लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली कारावास भोगावा लागला. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले याच वर्षीच्या १० मार्चला निवर्तल्या. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत १८९७ साल या घटनांसाठी येते, आणि ते योग्यच आहे. भायखळ्याच्या त्या खोलीचा उल्लेख मात्र त्यांत सहसा नसतो.

सोजिराचा बूट आणि हाफकिन यांची सुई ही एकाच सरकारची दोन साधने होती, हे लोकांना दिसत होते आणि म्हणून लशीविषयीही भय होते. टोचून घेतल्याने माणूस मरतो, नपुंसक होतो, धर्म बुडतो, अशा अफवा सर्वत्र होत्या. हाफकिन यांचा आग्रह असा की लस कोणावर लादू नये. लोकांना समजावून सांगावे, आकडे दाखवावेत, ज्यांच्यावर त्यांचा विश्वास आहे अशांनी आधी बाही वर करावी. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू सर सुलतान महंमद शहा, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी नेमके तेच केले. त्यांनी आपल्या अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि खुश्रू लॉज ही आपली इमारत प्रयोगशाळेसाठी देऊ केली. हजारो खोजे पुढे आले. जे काम हुकमाने होत नव्हते ते असे झाले.

दमण ही त्या वेळी पोर्तुगिजांची वसाहत. १८९७ च्या वसंतात तेथे प्लेगने कहर केला. हाफकिन यांनी तेथे २,१९७ लोकांना लस दिली. त्यांपैकी ३६ मरण पावले. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले. हे आकडे वाचून आज आपण थक्क होतो. परंतु त्या काळातील टीकाकार थक्क झाले नाहीत, आणि त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. लस घेण्यास जो आपण होऊन पुढे येतो, तो बहुधा सुशिक्षित, सुखवस्तू, स्वच्छ घरात राहणारा असतो. तो वाचला तो लशीमुळे की राहणीमुळे? लस घेऊन गाव सोडून गेलेले किती? दोन गट सारखेच नसतील तर तुलना कशाची करावयाची?

या आक्षेपाचे उत्तर उंडेऱ्यात मिळाले. उंडेरा हे बडोद्याच्या वायव्येचे गाव. आज ते शहराला येऊन भिडले आहे. लोकवस्ती त्या वेळी हजाराच्या आसपास. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग सुरू झाला होता. बडोदे संस्थानच्या अधिकाऱ्यांच्या साहाय्याने हाफकिन यांचे सहकारी सर्जन-मेजर बॅनरमन यांनी गावातील लोकांना कुटुंबवार एकत्र आणले आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. पुरुष, स्त्रिया, मुले, धट्टेकट्टे, अशक्त, सारे दोन्ही भागांत शक्य तितके समसमान वाटले, आणि एका भागाला लस टोचली. घर तेच, चूल तीच, विहीर तीच, उंदीरही तेच. दोन्ही भागांत फरक राहिला तो एका टोचणीचा.

सुमारे सात आठवड्यांनी पथक पुन्हा गावात आले आणि घरोघर चौकशी झाली. या अवधीत २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता. त्या कुटुंबांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ गेले. सत्ताविसातला एकच वाचला.

आज वैद्यकात नवी लस किंवा औषध तपासताना दोन समान गट पाडण्याची जी शिस्त पाळली जाते, तिचे एक आरंभीचे रूप येथे दिसते. संख्याशास्त्राच्या आजच्या कसोट्यांना तो प्रयोग पुरेपूर उतरेल असे नाही. कोणाला टोचावयाचे हे चिठ्ठी टाकून ठरले नव्हते. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. एका घरातील एका भावाला लस मिळाली, दुसऱ्याला नाही. त्या २६ जणांच्या घरच्यांनी नंतर काय विचार केला असेल? कागदपत्रांत त्याला स्थान नाही. प्रयोग झाला नसता तर लशीवरचा संशय टिकला असता आणि पुढे अधिक लोक मेले असते, हे खरे; तरीही या आकड्यांकडे नुसते शास्त्राचा विजय म्हणून पाहणे मला जमत नाही. शास्त्राचे हे ऋण एका खेड्याने फेडले आहे, आणि त्याची आठवण ठेवणारा एखादा दगडही तेथे असावा असे वाटते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारभाराचा विचार येथे टाळता येत नाही. संस्थानी मुलखात इंग्रजी प्लेग कमिटीचा हुकूम सरळ चालत नसे; रयत, तलाठी, वैद्यकीय अधिकारी हे एकमेकांना ओळखणारे होते. संशोधकाला हवी असलेली मदत दरबारच्या यंत्रणेने दिली, आणि गाव रांगेत उभे राहिले ते सोजिरांच्या संगिनींवाचून. पुण्याचा १८९७ चा मार्च आणि उंडेऱ्याचा १८९८ चा फेब्रुवारी यांत वर्षाचेही अंतर नाही.

यानंतरचा काळ कीर्तीचा. १८९७ मध्येच व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवानिमित्त हाफकिन यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला होता. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्लेग आयोगाने त्यांच्या आकडेवारीतील ढिलाईवर बोट ठेवले. मात्र लशीने रोग आणि मृत्यू दोन्ही घटतात, हे मान्य केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. एका खोलीचे तीन वर्षांत राजवाड्याएवढे घर झाले. हुबळी-धारवाडपासून पंजाबपर्यंत लशीच्या बाटल्या जाऊ लागल्या.

मागणी वाढली, तशी घाई वाढली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने लाखो लोकांना लस टोचण्याची मोहीम आखली. इतकी लस वेळेत पुरवावयाची तर पद्धत सुटसुटीत करणे भाग होते. तोवर लशीत कार्बोलिक आम्ल मिसळले जात असे. हाफकिन यांनी ते वगळले आणि जंतू मारण्याचे काम केवळ उष्णतेवर सोपवले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस देण्यात आली. हे गाव त्या वेळी गुजरात नावाच्या जिल्ह्यात होते आणि आज पाकिस्तानात आहे. आपल्या गुजरातशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. पाचव्या बाटलीतून, तिचा क्रमांक ५३-एन, ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या साऱ्यांना आठवड्याभरात धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली आणि ते सर्वच्या सर्व दगावले.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, आणि कार्बोलिक आम्ल वगळणे हे गंभीर पाऊल होते, असा आयोगाचा कल पडला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. बिनपगारी रजेवर १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले आणि त्यांच्या जागी आले बॅनरमन, उंडेऱ्याचे तेच बॅनरमन.

आता पुराव्याकडे पाहू. मलकोवालला ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याचा नियम होता. तो पाळला गेला नाही, नुसते द्रवाने पुसून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे जंतू असतात ते मातीतच. शिवाय बाटली भरल्याला महिन्याहून अधिक काळ लोटला होता. इतके दिवस जंतू आत वाढत असते तर उघडताक्षणी घाण वास यावयास हवा होता. बाटली हाताळणाऱ्यांना तसा वास आला नव्हता. हे सारे आयोगापुढे आले होते. तरी दोष गेला तो प्रयोगशाळेकडे.

असे का व्हावे? मला वाटते, त्या घटकेला सरकारला आपली मोहीम वाचवावयाची होती. गावोगावच्या टोचणी पथकात निष्काळजीपणा असतो, असे जाहीर केले असते तर साऱ्या पथकांवरचा विश्वास उडाला असता. दोष एका पद्धतीचा आणि एका माणसाचा ठरवला की प्रकरण मिटते. तो माणूस इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला नव्हता, डॉक्टर नव्हता, जन्माने इंग्रज नव्हता. त्याच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते. रशियात त्याचा धर्म आड आला होता. येथे धर्म उघडपणे कोणी उच्चारला नाही, पण फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी या घटनेची तुलना करणारे त्या काळीही होते. अर्थात हाफकिन सर्वस्वी निर्दोष होते असे म्हणणेही एकांगी होईल. आधीची सुरक्षिततेची पायरी त्यांनी काढली होती, आणि ती असती तर दूषित चिमट्यानेही कदाचित इतका अनर्थ केला नसता. सरकारच्या निकडीपुढे संशोधकाने आपली सावधगिरी किती सैल करावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला, आणि त्यांनी निकडीच्या बाजूने कौल दिला.

विद्यापीठांचे जग मात्र गप्प बसले नाही. सरकारने चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध केली ती १९०६ च्या सुमारास, म्हणजे चार वर्षांनी. ती हाती आल्यावर सिम्पसन यांनी लेखणी उचलली. ते आता लंडनमध्ये अध्यापन करीत होते. त्यांच्याहूनही आवेशाने उतरले ते रोनाल्ड रॉस. हिवतापाच्या प्रसाराचे कोडे हिंदुस्थानात सोडवून नोबेल मिळवलेले रॉस त्या वेळी लिव्हरपूलला प्राध्यापक होते. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी सही केलेले पत्र आले : आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट पुरावा त्याच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. अखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली. चूक झाली असे सरळ शब्दांत सांगण्याचे मात्र त्याने टाळले.

१९०७ च्या अखेरीस हाफकिन कलकत्त्यास परतले. परळ त्यांना मिळाले नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत काम करता येईल, पण माणसांवर नव्या लशी तपासता येणार नाहीत, अशी मर्यादा त्यांच्यावर होती. ज्या संशोधकाचे सारे कर्तृत्व वस्त्यांत, तुरुंगांत आणि खेड्यांत घडले होते, त्याला चार भिंतींत बसवण्यात आले. सात-आठ वर्षे त्यांनी तेथे काढली. सांगण्यासारखे फारसे काही हातून झाले नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नियमाने शक्य होताच, ते निवृत्त झाले आणि हिंदुस्थान सोडून गेले.

उरलेली वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्ये घालवली. त्यांनी विवाह केला नव्हता. उतारवयात ते आपल्या धर्माच्या आचाराकडे अधिकाधिक वळले. ज्यू धर्माच्या परंपरानिष्ठ आचाराचे समर्थन करणारा त्यांचा निबंध १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९२९ मध्ये त्यांनी आपली पुंजी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या साहाय्यासाठी निधीच्या रूपाने बांधून दिली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेचे तत्कालीन संचालक मॅकी यांच्या पुढाकाराने तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. ही वार्ता ऐकून हाफकिन यांनी कृतज्ञतेचे पत्र पाठवले. मुंबईच्या त्या कामाने आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे घेतली, एवढे त्यांनी लिहिले. तक्रारीचा सूर लावला नाही.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. त्यांच्या रोजनिश्या आणि कागदपत्रे आज जेरुसलेमच्या ग्रंथालयात आहेत.